कुजबुजीच्या दोन थाळ्या

‘आईला थंडी वाजतेय,’ शर्वरी म्हणाली.

ती माझ्याकडे बघत नव्हती. भिंतीवरच्या मोठ्या पडद्याकडे बघत होती. पडद्यावर आम्ही तिघं होतो, पण नाक-डोळे नसलेले, नुसत्या रंगांचे. कपाळं पिवळी. गाल तांबडे. नाकाचे शेंडे निळे. जयवंतांच्या बोटातल्या अंगठीच्या जागी एक काळी रेघ. आणि माझ्या गळ्याखाली, अंगठ्याच्या नखाएवढं एक काळं भोक.

मी हात तिथे नेला. पडद्यावरचा तांबडा हात भोकावर आला आणि भोक झाकलं गेलं.

‘झाकू नका ना,’ शर्वरी म्हणाली. ‘तिला दिसत नाही मग.’

उष्णता पाहणारा कॅमेरा
करून पाहा: पडद्यासमोर उभे राहा. तळहात एकमेकांवर घासा.
काय दिसते: जे गरम ते तांबडे, जे गार ते निळे-काळे.
असे का:

‘असं का’च्या खालचा मजकूर मला आठवत नाही. वाचला होता, एवढं आठवतं. त्या विज्ञान केंद्रातल्या प्रत्येक पाटीवर हे तीन मथळे होते, आणि त्या दिवसानंतर मला तिसऱ्याचं उत्तर कुठेच पाठ राहिलं नाही.

लोखंडेबाईंनी मात्र समजावून सांगितलं. निवृत्त विज्ञान शिक्षिका, गळ्यात ओळखपत्र, हातात लांब पट्टी. दारातच म्हणाल्या होत्या, ‘इथं हात लावू नका अशी पाटी कुठंही दिसणार नाही. जो हात लावणार नाही त्याला मी ओरडते.’ आता त्यांनी पट्टीनं माझ्या गळ्याकडे दाखवलं.

‘चांदी आहे ना? मग तसंच दिसणार. चकचकीत धातू आपली ऊब सांगत नाही. समोर जे असेल तेच दाखवतो, आरशासारखा. खोली गार आहे, म्हणून काळं. सगळ्यांचंच होतं तसं, काळजी करू नका.’ मग जरा वाकून बघत, ‘काय आहे ते? देवीचं?’

मी काही बोलायच्या आत शर्वरी म्हणाली, ‘माझी आई आहे.’

लोखंडेबाई हसल्या. मग हसायच्या थांबल्या.

*

तो टाक होता. सवतीचा टाक. बिजवराशी लग्न केलेल्या बाईनं पहिलीच्या नावाचा चांदीचा पत्रा गळ्यात घालायचा, ही आमच्याकडची रीत. पत्र्यावर ठोकलेली एक उभी बाई. डोळ्यांच्या जागी दोन टिंबं. नवी साडी आधी तिला दाखवायची, मग आपण नेसायची. कुंकू आधी तिला.

जयवंत पाटबंधारे खात्यात होते, चांगले शिकलेले. त्यांना ते नको होतं. ‘दोन हजार बारा साल आहे, आई,’ ते म्हणाले. सासूबाई म्हणाल्या, ‘तू नको घालू मग. तिला घालू दे.’

मी घातला. तेहतीस वर्षांची होते, लग्न उशिरा ठरलेलं. एका पत्र्यावरून मोडू नये असं मला वाटलं.

पण सासूबाईंनी एक चूक केली. लग्नाच्या दिवशी शर्वरी रडत होती. आठ वर्षांची पोर, पाच महिन्यांपूर्वी आई काविळीनं गेलेली. तिला उगी करायला सासूबाई म्हणाल्या, ‘रडू नको गं. तुझी आई कुठं गेली नाही. ही बघ, हिच्या गळ्यात आहे.’

शर्वरी तेव्हापासून रडली नाही. आणि तेव्हापासून तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलंही नाही.

मी ताट वाढायला वाकले की ती टाकाला सांगायची, ‘आज भेंडी नको होती.’ मी वेणी घालत असले की मागे मान वळवून, ‘हळू ओढायला सांग ना.’ शाळेतून आल्यावर पायरीवर बसून माझी वाट बघायची, आणि मी दिसले की तिचा चेहरा असा खुलायचा, की शेजारणी म्हणायच्या, नशीब काढलंस बाई. मग ती जवळ यायची, माझ्या गळ्याशी तोंड न्यायची आणि कुजबुजायची. तिचा श्वास मला लागायचा. शब्द माझ्यासाठी नसायचे.

चार महिने.

त्या सकाळी एसटीत शर्वरी खिडकीशी झोपली होती. जयवंत हळू आवाजात म्हणाले, ‘आज शेवटचं बघू. तिला हे ठिकाण फार आवडतं, गेल्या मे महिन्यात सुनेत्रानं आणलं होतं. तुझ्याशी धड चार शब्द बोलली तर ठीक. नाहीतर जूनपासून निवासी शाळा. अर्ज भरलाय मी. सही राहिलीय तेवढी.’

‘एवढीशी आहे हो ती,’ मी म्हणाले.

‘तिथं मुली असतात तिच्या वयाच्या. घरात काय, पत्र्याशी बोलत मोठी होणार?’

मी ‘बघा बाई’ म्हणून खिडकीबाहेर बघितलं. सांगूनच टाकते: तिनं जावं असं मला वाटत होतं. ती वाईट नव्हती, तिनं मला कधी छळलं नाही. पण दिवसभर कुणी माझ्यातून पलीकडे बघत असलं की संध्याकाळपर्यंत मी उरतच नव्हते.

*

अर्धा आरसा
करून पाहा: काचेच्या दोन्ही बाजूंना दोघे बसा. आपापल्या बाजूचा दिवा कमी-जास्त करा.
काय दिसते: दोन चेहऱ्यांचा एक चेहरा.

मी एका बाजूला बसले. जयवंतांनी शर्वरीला दुसऱ्या बाजूच्या उंच स्टुलावर चढवलं आणि माझ्या मागे येऊन उभे राहिले.

‘फिरव ते बटण. हळूहळू. आता तुमचं तुम्ही कमी करा,’ लोखंडेबाई म्हणाल्या. ‘नाकाला नाक जुळू दे.’

काचेत आधी मीच होते. मग माझ्या हनुवटीतून एक लहान हनुवटी वर आली. माझं कपाळ अरुंद झालं. गाल भरले. डोळे माझे राहिले, ओठ तिचे झाले. क्षणभर सगळं डुचमळलं, आणि मग बसलं. नीट बसलं. काचेत एक बाई होती. आम्हा दोघींहून वेगळी, तिशीची, थोडी थकलेली. ती मला ओळखत असल्यासारखी बघत होती.

‘सुने...’ जयवंत मागून म्हणाले. पहिल्या बायकोचं नाव त्यांनी अर्ध्यावरच सोडलं.

मी वळले. ते पांढरे पडले होते.

‘पोरीचा निम्मा चेहरा आईचाच असतो की,’ लोखंडेबाई पटकन म्हणाल्या. ‘त्याला एका मोठ्या बाईचं वय मिळालं, एवढंच. यात घाबरण्यासारखं काही नाही, साहेब. बसा बाहेर, चहा घ्या.’

‘मी जरा... पाणी पिऊन येतो,’ जयवंत म्हणाले आणि गेले.

काचेकडे परत पाहिलं तर शर्वरी अजून बसलेली. तिनं आपल्या बाजूचा दिवा पूर्ण विझवला होता. तिच्या बाजूनं आता तिला मी दिसत असणार, नुसती मी. मला काचेत माझाच चेहरा दिसत होता.

‘गेली,’ शर्वरीचा आवाज आला. नाराज नव्हता. एखादं काम अर्धवट राहिल्यासारखा होता.

*

जेवणाची वेळ झाली. शाळेची एक सहल डबे खायला बाहेर गेली आणि तो मोठा दालनभर पसरलेला गलका एकदम थांबला. लोखंडेबाईही आपला डबा घेऊन गेल्या. शर्वरी दालनाच्या एका टोकाला, भिंतीला टेकवून उभ्या केलेल्या मोठ्या थाळीसमोर उभी होती. थाळी माणसापेक्षा उंच. समोर, दालनाच्या पार दुसऱ्या टोकाला, तशीच दुसरी.

कुजबुजीच्या थाळ्या
करून पाहा: थाळीकडे तोंड करा. कड्याजवळ तोंड नेऊन हळू बोला. मोठ्याने बोलू नका.
काय होते: दुसऱ्या थाळीपाशी उभ्या असलेल्या माणसाला, आणि फक्त त्यालाच, ऐकू येते.

थाळीसमोर हातभर अंतरावर एका दांड्यावर लोखंडी कडं बसवलं होतं. तोंड तिथे न्यायचं. कानही तिथेच.

शर्वरी माझ्याजवळ आली. माझ्या गळ्याकडे पाहिलं. मग पहिल्यांदाच, चार महिन्यांत पहिल्यांदाच, मान वर करून माझ्या तोंडाकडे बघून बोलली.

‘तो काढून देता का? थोडा वेळ.’

‘कशाला गं?’

‘आम्ही इथं बोललो होतो. आई या थाळीपाशी होती, मी त्या. तिथं मला तिचं नीट ऐकू येतं. घरी येत नाही.’

‘घरी तर तू रोज बोलतेस.’

‘मी बोलते,’ ती म्हणाली. ‘ती नाही बोलत. तुमच्या गळ्यात आवाज होतो ना सारखा. टुक टुक टुक.’

काढायचा नाही, असं सासूबाईंनी बजावलं होतं. अंघोळीलासुद्धा नाही. मी काळा दोरा डोक्यावरून काढला. तिनं तो दोन्ही हातांत धरून कड्याला बांधला. टाक कड्याच्या मधोमध लोंबू लागला.

‘आता तुम्ही जा. बाबांकडे जा.’

‘बरं.’

ती पळत दुसऱ्या टोकाला गेली. थाळीकडे तोंड करून उभी राहिली, म्हणजे माझ्याकडे पाठ.

जयवंतांना मी नंतर सांगितलं: मी तुमच्यामागे यायला निघाले, दारात होते, तोवर ती पळत आली.

सासूबाईंना सांगितलं: टाक गळ्यातून काढलाच नाही.

मी गेले नाही. दारापर्यंत चपलांचा आवाज करत गेले, चपला काढल्या, आणि अनवाणी परत आले. कड्यासमोर उभी राहिले.

‘आई?’

आवाज माझ्या तोंडाजवळून आला. इतक्या जवळून, की मी मागे सरले. मान वळवली तर दालनाच्या त्या टोकाला ती एवढीशी दिसत होती, पाठमोरी, दोन वेण्या. आणि इथे तिचा श्वाससुद्धा ऐकू येत होता.

‘आई, मी आलेय. तू बोल ना.’

टाक हलत होता. मी श्वास धरला होता, तरी हलत होता.

‘आई?’

मग मी ते केलं. आवाज शक्य तेवढा बारीक केला आणि म्हणाले, ‘शरू. बाबांचं ऐक. त्या शाळेत जा. मला तिथं आवडेल.’

दालनात काही हललं नाही. पाठमोरी शर्वरी तशीच. कड्यातून काहीच येत नव्हतं. मला वाटलं, तिला कळलं. आता ती वळेल.

‘हो,’ ती म्हणाली.

झालं, असं वाटलं. एवढं सोपं होतं. मी मागे सरणार, तेवढ्यात ती हसली.

‘हो, बसतेय मी पुढच्या बाकावर.’

मी तोंड मिटून उभी होते.

‘नाही. दात पडला तो मी कौलावर टाकला. तू सांगितलं होतंस तस्सा.’ थोडं थांबून, ‘दोनदा टाकावा लागला. पहिल्यांदा खालीच आला.’ परत हसू. ‘हो गं.’

मी हात तोंडावर दाबून धरला. मी बोलत नाही याची खात्री करायला.

‘नाही रडत... खरंच... आजी रडते, मी नाही... कधी?... बरं.’

एकच बाजू ऐकत होते मी. मधल्या जागा रिकाम्या होत्या, पण त्यांची लांबी बरोबर होती. कुणीतरी एक वाक्य बोलावं, तेवढीच. कधी लहान, कधी लांब. एक जागा फार लांब होती. तेव्हा शर्वरी हलली नाही, एका पायावरून दुसऱ्या पायावर झाली नाही. आठ वर्षांचं मूल इतका वेळ काय ऐकून घेतं?

मग ती म्हणाली, ‘पण तिला चालेल का?’

जागा.

‘विचारू का? ती तिथंच उभी आहे ना, तुझ्याजवळ.’

ती वळली नव्हती. शपथेवर सांगते, ती वळली नव्हती.

‘बरं, नाही विचारत,’ ती म्हणाली. ‘येते मग.’

मी टाक हातात घेतला. दोरा सोडवायला गेले, तर पत्र्यावर वाफ धरलेली. माझ्या तोंडाची असेल म्हणून बोट फिरवलं. माझ्याकडची बाजू कोरडी होती. ओली होती ती थाळीकडची.

शर्वरी पळत आली. मला तिथे पाहून तिला नवल वाटलं नाही. स्टूल ओढून त्यावर चढली आणि दोरा स्वतःच्या हातानं माझ्या गळ्यात घातला. टाक थंडगार होता. पदराच्या आत नीट बसवून तिनं वरून थोपटलं, आपण पोराला थोपटतो तसं.

‘बाबा तुमची कधीपासून वाट बघतायत,’ ती म्हणाली.

बाहेर कडुलिंबाखाली जयवंत बाकावर बसले होते. ती त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिली.

‘बाबा, मी जाते त्या शाळेत.’

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना एवढं बरं वाटलं होतं, की मला बघवलं नाही. ‘बोललीस तू तिच्याशी?’

‘हो,’ मी म्हणाले.

*

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात तिला सोडून आलो. ती दारातून हात करून आत गेली. सासूबाई चार दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. जयवंत कामावर जाऊ लागले. घर शांत झालं. मला हवं होतं तसंच.

काहीही झालं नाही. भांडी पडली नाहीत, दारं वाजली नाहीत. फक्त मी स्वयंपाक करताना मध्येच थांबू लागले. हात पिठात, पोळपाटावर पोळी तशीच, आणि मी उभी. कुणाचं तरी बोलणं संपायची वाट बघत असल्यासारखी. मग सासूबाई म्हणायच्या, ‘अगं, तवा जळतोय.’ आणि मला कळायचं की मी मधली एक जागा सोडली होती. तेवढ्याच लांबीची.

आठव्या दिवशी मी कुणाला न सांगता एसटीनं शाळेत गेले. तिला परत आणायचं ठरवलं होतं. माया फुटली होती म्हणून नव्हे. घरात एकटी राहायची भीती वाटत होती म्हणून. जाताना सगळं मनात म्हणून ठेवलं होतं. बाईंना काय सांगायचं, जयवंतांना काय. परतीच्या गाडीत काय म्हणायचं तेसुद्धा: एक फुल, एक हाफ.

शर्वरी मैदानावरून धावत आली. केस कापले होते. रंग उजळला होता, किंवा मला तसं वाटलं.

‘चल घरी,’ मी म्हणाले. ‘मी बोलते बाबांशी.’

‘नको.’

‘तुला इथं करमत नसेल.’

‘करमतं की. आमच्या खोलीत सहाजणी आहेत. एक घोरते.’ ती बोलत होती आणि सरळ माझ्या डोळ्यांत बघत होती. टाक पदराबाहेर आला होता, तरी तिची नजर एकदाही खाली गेली नाही.

‘शर्वरी, त्या दिवशी थाळीपाशी... पहिल्यांदा जे ऐकलंस ना...’

‘ते तुम्ही होतात,’ ती म्हणाली. ‘कळलं मला. आई मला शरू नव्हती म्हणत.’

दूर शाळेची घंटा झाली. मुली रांगेत उभ्या राहू लागल्या.

‘मग हो का म्हणालीस?’

‘तुम्हाला नाही म्हणाले मी. नंतर आई बोलली, तिला म्हणाले.’

‘काय म्हणाली ती?’

शर्वरीनं थोडा विचार केला. सांगावं की नाही असा नव्हे, नीट आठवून सांगावं असा.

‘म्हणाली, तू खुशाल जा. मी राहते हिच्याजवळ.’

मग ती रांगेकडे पळाली. मध्येच थांबून ओरडली, ‘दिवाळीला येते मी!’ आणि येतेही. आता वीस वर्षांची आहे, पुण्यात शिकते, हसरी आहे, मला नावानं कुंदामावशी म्हणते, माझ्यासाठी बांगड्या आणते.

त्या दिवशी फाट्यावर तासभर उभी राहिल्यावर गाडी मिळाली. गाडी निम्मी रिकामी होती. मी दोघांच्या बाकावर खिडकीशी बसले, शेजारी माझी पिशवी. कंडक्टर मशीन घेऊन आला.

‘कुठं, ताई?’

मी गावाचं नाव सांगितलं.

‘किती?’

‘दोन,’ मी म्हणाले. ‘दोन फुल.’

त्यानं पुढच्या-मागच्या बाकांवर पाहिलं. ‘दुसरं कोण आहे?’

मी शेजारची पिशवी उचलून मांडीवर घेतली.